पक्षाघाताचा हात आणि विजेचा इलाज

लातूर जिल्ह्यांतील शिरूर अनंतपाळ भागांत एखाद्या मनुष्याचा अर्धा देह एकाएकीं लुळा पडला, तर घरचीं वडीलधारीं माणसें ‘अंगावरून वारें गेलें’ असें म्हणतात. शिकलेला मुलगा त्यालाच लकवा म्हणतो, वैद्य पक्षाघात म्हणतो आणि लातूरचा डॉक्टर स्ट्रोक म्हणतो. या चार नांवांपैकीं सर्वांत जुना विचार ‘वारें’ या खेडवळ शब्दानेंच जपून ठेवला आहे. हें वारें म्हणजे माळावरचा वारा नव्हे. तो आयुर्वेदांतील वात होय. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांतील अठ्ठाविसावा अध्याय वातव्याधींचा आहे. कोपलेला वायु देहाच्या अर्ध्या भागांतील शिरा व स्नायु यांना शुष्क करतो आणि त्या बाजूचें चलनवलन नष्ट होतें, असें तेथें सांगितलें असून रोगाला ‘पक्षवध’ म्हटलें आहे. सुश्रुताच्या निदानस्थानांत तोच ‘पक्षाघात’ होतो. पक्ष म्हणजे देहाची एक बाजू. वर्णन इतकें नेमकें आहे कीं आजच्या वाचकालाहि रोग चटकन ओळखतां येतो. मात्र रोगाचें मूळ मस्तकांत आहे, ही गोष्ट त्यांत आलेली नाहीं.

ती गोष्ट कळण्यास फार काळ लागला. डोक्याच्या एका बाजूस जखम झाली तर आंचके दुसऱ्या बाजूच्या अंगास येतात, हें ग्रीक वैद्यांच्या नजरेस आलें होतें. परंतु पक्षाघातानें मेलेल्या मनुष्याच्या मेंदूंत रक्तस्राव झालेला असतो, हें शव उघडून पाहून स्वित्झर्लंडमधील योहान याकोब वेप्फर यानें १६५८ सालीं प्रसिद्ध केलें, तेव्हां कोठें प्रकाश पडला. आज शाळेंतील मुलालाहि ठाऊक असतें कीं मेंदूला रक्त पुरविणारी नलिका बंद पडली किंवा फुटली म्हणजे पक्षाघात होतो, आणि मेंदूपासून निघालेले तंतु मस्तिष्काच्या तळाशीं एकमेकांस ओलांडून जात असल्यामुळें डाव्या मेंदूची इजा उजव्या हातावर प्रकट होते.

या रोगांत पाय बहुधा आधीं परत येतो. काठी टेकीत कां होईना, मनुष्य ओसरीपर्यंत येऊन बसतो. हात मात्र मागें राहतो. खांदा थोडा उचलला जातो, कोपर वांकतें, पण बोटें मुठींत मिटून बसतात. शेतकऱ्याच्या घरीं या मिटलेल्या मुठीचा अर्थ काय, हें सांगावयास नको. खुरपें धरवत नाहीं, विळा चालत नाहीं, भाकरी थापतां येत नाहीं, स्वतःच्या सदऱ्याचें बटणहि लागत नाहीं. म्हणून ‘डोक्याला यंत्र लावून हात बरा करतात’ अशी बातमी कानांवर आली कीं कुटुंब पैशाची तजवीज करूं लागतें. अशीं यंत्रें खरोखरच आहेत. त्यांत एक चुंबकाचें आहे, दुसरें क्षीण विद्युत्प्रवाहाचें. दोहोंतहि कवटी उघडावी लागत नाहीं. त्यांच्यापासून किती आशा धरावी, या प्रश्नाचें उत्तर यंत्राच्या जाहिरातींत सांपडत नाहीं. तें त्यांच्या इतिहासांत सांपडतें, आणि तो इतिहास वाटतो त्यापेक्षां पुष्कळ जुना आहे.

अठराव्या शतकाच्या मध्यावर वीज ही युरोपांतील विद्वानांच्या दिवाणखान्यांतील करमणूक होती. १७४५-४६ च्या सुमारास कांचेच्या बरणींत वीज सांठविण्याची युक्ति सांपडली. लायडन शहरावरून तिला लायडनची बरणी म्हणतात. बरणीला हात लावणाऱ्या मनुष्याचें अंग झटक्यानें उडे, आणि जें निरोगी हाताला उडवितें तें लुळ्या हाताला कां उडविणार नाहीं, हा विचार ओघानेंच आला. जिनीव्हा येथील झां झालाबेर या पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकानें १७४७ च्या अखेरीस एका कुलपें बनविणाऱ्या कारागिराच्या उजव्या हातावर विजेच्या ठिणग्या सोडण्यास आरंभ केला. हा हात हातोड्याच्या आघातानंतर बरींच वर्षें निकामी होता. ठिणगी पडे तेथील स्नायु आंखडे. हाताला हळूहळू मांस भरलें, हालचाल आली, आणि १७४८ सालीं झालाबेरनें आपला ग्रंथ छापला. वार्ता सर्वत्र पसरली. पॅरिसमध्यें ॲबे नोले यानें अपंग सैनिकांच्या आश्रमांतील रोग्यांवर तोच प्रयोग केला, पण यश अगदींच थोडें आलें. एका रोग्याची कहाणी आणि अनेक रोग्यांचा हिशेब यांतील हें अंतर तेव्हांपासून या विद्येची पाठ सोडीत नाहीं.

या अंतराकडे सर्वांत स्वच्छ दृष्टीनें ज्यानें पाहिलें तो वैद्य नव्हता. बेंजामिन फ्रँकलिन हा मूळचा मुद्रक. विजेवरील प्रयोगांमुळें त्याची कीर्ति इतकी झाली होती कीं पेनसिल्व्हानियाच्या निरनिराळ्या भागांतून पक्षाघाताचे रोगी त्याच्या दारीं आणले जाऊं लागले. डिसेंबर १७५७ मध्यें लंडनचे डॉक्टर जॉन प्रिंगल यांना लिहिलेल्या एका पत्रांत त्यानें या रोग्यांचा वृत्तांत दिला आहे. रोग्याला खुर्चीवर बसवून दोन मोठ्या बरण्यांतील एकत्रित झटका लुळ्या अंगांतून नेला जाई, आणि दिवसांतून बहुधा तीन वेळां. प्रथम त्या अंगांत ऊब येई. रात्रीं टोंचल्यासारखें होई. ज्याला पहिल्या दिवशीं गुडघ्यावरून हात उचलवत नसे, तो दुसऱ्या दिवशीं चार-पांच इंच उचली, तिसऱ्या दिवशीं त्याहून वर. आणि पांचव्या दिवशीं डोक्यावरची टोपी काढण्याइतकी शक्ति, दुबळी कां होईना, त्याच्या हातांत येई. रोग्याच्या आणि बघणाऱ्यांच्या आनंदाला पार राहत नसे. पण पांचव्या दिवसानंतर पाऊल पुढें पडत नसे. झटके सोसून रोगी कंटाळे, घरीं जाई आणि थोड्याच काळांत पूर्वस्थितीवर येई. विजेपासून पक्षाघातांत कायमचा लाभ झालेला आपण पाहिला नाहीं, असें फ्रँकलिन स्पष्ट लिहितो.

येथेंच तो थांबता तरी त्याचें पत्र मोलाचें ठरलें असतें. पण त्याच्या मनांत आणखी एक शंका आली. हा जो पांच दिवसांचा गुण दिसला, तो तरी विजेचाच होता काय? रोगी घरांतून उठून प्रवास करून आले, रोज चालत त्याच्या दारीं येत राहिले; त्या व्यायामाचा गुण किती? आपण बरे होणार या आशेनें त्यांनीं हात हलविण्यास अधिक जोर लावला असेल, तर त्या उमेदीचा वांटा किती? हें आपल्याला सांगतां येणार नाहीं, असें तो म्हणतो. जातां जातां तो असेंहि सुचवितो कीं कुशल वैद्याच्या देखरेखीखालीं योग्य औषध व पथ्य यांची जोड झटक्यांना दिली असती तर कदाचित् टिकाऊ लाभ झाला असता. स्वतःच्या कीर्तीनें ओढून आणलेल्या रोग्यांविषयीं इतकें निःस्पृहपणें लिहिणारा मनुष्य विरळा. पुढें अडीच शतकें या क्षेत्रांत जें जें यंत्र आलें, त्याला अखेर फ्रँकलिनच्याच प्रश्नाला तोंड द्यावें लागलें आहे : गुण यंत्राचा, व्यायामाचा, कीं आशेचा?

एकोणिसाव्या शतकांत प्रश्न बाजूला राहिला आणि बाजार वाढला. विजेचे पट्टे, विजेच्या सांखळ्या, विजेच्या पेट्या सर्व रोगांवर खपूं लागल्या. त्यांच्या कथेंत येथें शिरण्याचें कारण नाहीं. खरें काम थोड्या ठिकाणीं चाललें होतें. पॅरिसच्या दुशेन यानें १८५५ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत एकेका स्नायूला विजेनें वेगवेगळें चेतवून त्याचें कार्य दाखविलें. परंतु हे सर्व लोक अद्याप हातापाशींच घुटमळत होते. आज्ञा देणारा मालक वर बसलेला, आणि हे दारवानालाच हलवीत होते!

मालकापर्यंत वीज पोहोंचली ती १८७० सालीं. गुस्टाव्ह फ्रिट्श व एडुआर्ड हिट्झिग या दोन जर्मन डॉक्टरांनीं बर्लिनमध्यें कुत्र्याच्या उघड्या मेंदूवर अगदीं क्षीण प्रवाह सोडला. प्रयोगासाठीं जागा नव्हती, म्हणून हिट्झिगच्या घरांतच हें काम झालें. मेंदूच्या पुढल्या भागांतील एका ठरावीक जागीं प्रवाह लावला कीं उलट बाजूचा पंजा हले. जागा थोडी बदलली कीं दुसरें अंग हले. मेंदूचा पृष्ठभाग विजेला दाद देत नाहीं, हें तोंपर्यंतचें मत एका टेबलावर खोटें ठरलें. इंग्लंडांत डेव्हिड फेरियर यानें माकडांच्या मेंदूवर हेंच काम पुढें नेलें. १८८१ सालीं लंडनच्या आंतरराष्ट्रीय वैद्यक परिषदेंत त्यानें एक माकड आणलें. त्याच्या मेंदूंतील हालचालीचा भाग शस्त्रानें काढलेला होता आणि तें एका अंगानें लुळें झालें होतें. त्याची चाल पाहून फ्रान्सचा थोर मज्जारोगतज्ज्ञ शार्को याच्या तोंडून, हा तर रोगीच आहे, असे उद्गार निघाले म्हणतात.

माणसाच्या मेंदूवर हा प्रयोग प्रथम झाला तो मात्र लाजिरवाणा होता. १८७४ सालीं अमेरिकेंतील सिन्सिनाटी येथें रॉबर्ट्स बार्थोलो या डॉक्टरानें, कर्करोगानें कवटी झिजून मेंदू उघडा पडलेल्या एका गरीब स्त्रीच्या मेंदूंत सुया खुपसून प्रवाह सोडला. तिचे हातपाय हलले, प्रवाह वाढवितांच तिला झटके आले, आणि ती थोड्याच दिवसांत मरण पावली. त्याच्या व्यवसायबंधूंनींच त्याचा निषेध केला. कवटी न उघडतां मेंदूला स्पर्श कसा करावा, हा प्रश्न केवळ सोयीचा नव्हता. तो नीतीचाहि होता, हें या घटनेवरून ध्यानांत येईल.

कवटीचें हाड विजेला फार विरोध करतें. १९८० सालीं इंग्लंडांत मर्टन व मॉर्टन यांनीं जाग्या, धडधाकट मनुष्याच्या डोक्याच्या त्वचेवरून मोठ्या दाबाचा क्षणिक झटका देऊन उलट बाजूचा हात हलवून दाखविला. कवटी शाबूत राहिली, पण डोक्याला वेदना होत. अडचण सुटली ती चुंबकानें. बदलतें चुंबकीय क्षेत्र जवळच्या वाहकांत विद्युत्प्रवाह उत्पन्न करतें, हा फॅरडेचा १८३१ सालचा शोध आहे. चुंबकाला हाड आड येत नाहीं. १८९६ सालींच फ्रान्समध्यें द’आर्सोंव्हाल यानें मोठ्या तारेच्या वेटोळ्यांत डोकें घातल्यास डोळ्यांपुढें प्रकाश चमकतो, असें नमूद केलें होतें. पण मेंदू चेतविण्याइतका जोराचा व क्षणांत संपणारा स्पंद निर्माण करण्याजोगें यंत्र तेव्हां नव्हतें. तें १९८५ सालीं शेफील्ड येथें अँथनी बार्कर व त्याच्या सहकाऱ्यांनीं बनविलें. तारेचें वेटोळें डोक्यावर धरून बटण दाबलें कीं टक् असा आवाज होतो आणि उलट बाजूचीं बोटें आपोआप उडतात. वेदना जवळजवळ नाहीं. पुढें असें आढळलें कीं हे स्पंद सावकाश, सेकंदाला एक या गतीनें बराच वेळ दिले तर मेंदूचा तो भाग कांहीं काळ मंदावतो, आणि जलद दिले तर तरतरीत होतो. गटिंगेन येथें नित्शे व पाउलस यांनीं २००० सालीं दुसरा, फार स्वस्त मार्ग दाखविला : मिठाच्या पाण्यांत भिजविलेल्या दोन स्पंजांतून एक मिलिअँपिअरच्या आसपासचा प्रवाह डोक्यावरून जाऊं द्यावयाचा. यानें बोट उडत नाहीं. मेंदूचा कल तेवढा बदलतो.

विजेची कथा येथपर्यंत आली असतां दुसरी एक कथा शेजारून चालली होती, आणि तिच्याकडे फारसें कोणाचें लक्ष नव्हतें. १९१७ सालीं अमेरिकेंत ऑग्डेन व फ्रान्झ या दोघांनीं माकडांना मुद्दाम पक्षाघात आणून पाहिलें. ज्यांना तसेंच सोडून दिलें त्यांचा हात सुधारला नाहीं. ज्यांचा चांगला हात बांधून टाकला आणि लुळ्या हाताकडून काम करवून घेतलें, त्यांचा सुधारला. हा निबंध कपाटांत पडून राहिला. पुढें एडवर्ड टाऊब यानें दाखविलें कीं इजा झालेला हात आरंभीं निरुपयोगी ठरतो, प्राणी दुसऱ्या हातानें भागवूं लागतो, आणि पहिला हात थोडाफार सुधारल्यावरहि त्याला वापरण्याची संवयच मोडलेली असते. टाऊबच्या माकडांच्या हालअपेष्टांवरून १९८१ सालीं अमेरिकेंत मोठें प्रकरण उभें राहिलें, आणि तें अकारण नव्हतें. परंतु त्या कामांतून निघालेला उपचार माणसांना लागू पडला. २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका चांचणींत २२२ रोग्यांपैकीं एका गटाच्या चांगल्या हातावर, जागेपणीं बहुतेक वेळ, जाड मोजा चढविण्यात आला आणि दोन आठवडे दिवसाचे कित्येक तास लुळ्या हाताकडून कामें करवून घेतलीं. या गटाच्या हाताची सुधारणा एक वर्षानंतरहि टिकून होती. मात्र ज्यांचें मनगट व बोटें थोडीं तरी मागें वळूं शकतात, त्यांनाच हा उपचार झेपतो, ही अट विसरूं नये.

या दुसऱ्या कथेंत महाराष्ट्राचें एक मानाचें पान आहे. १९०० सालीं अमेरिकेंतील न्यू जर्सी येथें जन्मलेली एलिझाबेथ लंडी ही मुलगी विष्णु निंबकर यांच्याशीं विवाह करून १९३० सालीं निंबकरांच्या घरांत आली आणि कमला निंबकर झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत अमेरिकेंत राहून त्यांनीं ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे उद्योगाच्या द्वारें अपंग शरीराला पुन्हां कामास लावण्याची विद्या, शिकून घेतली. परत येऊन १९४८ सालीं मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत त्यांनीं या विद्येचा देशांतील पहिला विभाग उघडला. १९५० सालीं तेथेंच तिची शाळा निघाली. १९५२ सालीं या व्यवसायाचा जागतिक संघ दहा देशांनीं मिळून स्थापिला, त्या दहांत भारत होता, तो कमलाबाईंच्या खटपटीमुळें. फलटणच्या मराठी वाचकांना त्या, शेतीसंशोधक बनविहारी निंबकर यांच्या मातोश्री म्हणून आणि त्यांच्या नांवानें चाललेल्या बालभवन शाळेवरून माहीत आहेत. परंतु लुळा हात हा चोळण्याचा किंवा शेकण्याचा पदार्थ नसून कामाला लावण्याचा अवयव आहे, हा विचार आपल्याकडे रुजविण्यांतील त्यांचें श्रेय त्याहून मोठें आहे. याच रुग्णालयांत १९५२ सालीं जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्यानें फिजिओथेरपीची शाळा सुरू झाली, आणि १९५५ सालीं मुंबईंतच हाजी अली येथें अपंगांच्या पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था उभी राहिली. आज लातूर-नांदेडकडे जे तरुण फिजिओथेरपिस्ट दिसतात, त्यांच्या विद्येचें कुळ शोधीत गेल्यास त्याची एक शाखा परळच्या त्या इमारतीपर्यंत पोहोंचते.

या दोन कथा एकत्र आल्या त्या विसाव्या शतकाच्या अगदीं शेवटीं. १९९६ सालीं रँडॉल्फ नुडो व सहकारी यांनीं माकडांवर दाखविलें कीं मेंदूंतील हाताच्या जागेला इजा झाल्यावर हाताला रोज नेमकें काम दिलें, तर उरलेला शेजारचा भाग हाताच्या सेवेंत टिकतो. काम न दिल्यास तीहि जागा हातून जाते. मग सरळच प्रश्न आला : मेंदू असा बदलूं शकत असेल, तर बदलाच्या वेळीं त्याला बाहेरून थोडें ढोसलें तर? त्यांत आणखी एक कल्पना होती. मेंदूचे दोन अर्धे एकमेकांस आवरून धरतात. एक दुखावला म्हणजे दुसरा शिरजोर होतो आणि दुखावलेल्याला अधिकच दाबतो, असें मानलें गेलें. तेव्हां निरोगी बाजूला सावकाश स्पंदांनीं मंदावावें किंवा आजारी बाजूला जलद स्पंदांनीं जागें करावें, म्हणजे तोल सांवरेल. दोन भावांच्या भांडणासारखी ही उपपत्ति समजावयास फार सोपी आहे, आणि कदाचित् म्हणूनच ती गरजेपेक्षां लौकर सर्वमान्य झाली.

२००५ सालीं मोठी आशा उत्पन्न झाली. इजिप्तमधील असियुत येथें एमान खेद्र यांनीं ५२ नव्या रोग्यांवर चुंबकीय स्पंदांचा प्रयोग केला. खऱ्या स्पंदांचा गट लटक्या स्पंदांच्या गटापेक्षां अधिक सुधारला. त्याच वर्षीं हुमेल, कोहेन आदिकरून मंडळींनीं जुन्या पक्षाघाताच्या सहा रोग्यांवर क्षीण प्रवाहाचा परिणाम पाहिला. पानें उलटणें, बारीक वस्तु उचलणें अशीं हाताचीं कामें थोडीं जलद होऊं लागलीं. असे लहान लहान प्रयोग पुढें शेंकड्यांनीं झाले. २०२० सालीं युरोपांतील तज्ज्ञांच्या मंडळानें तर, पक्षाघातानंतरच्या आरंभींच्या कांहीं महिन्यांत निरोगी बाजूस सावकाश चुंबकीय स्पंद देण्याच्या पद्धतीला हाताच्या सुधारणेसाठीं पुराव्याची सर्वोच्च श्रेणी दिली.

दुसरें पारडेंहि पाहिलें पाहिजे. अमेरिकेंत बारा केंद्रांवर १९९ रोग्यांची एक मोठी चांचणी झाली. तिचा निकाल २०१८ सालीं छापला गेला. सहा आठवड्यांत अठरा वेळां प्रत्येक रोग्याच्या हाताचा व्यायाम घेण्यांत आला. त्याआधीं कांहींना खरे सावकाश स्पंद दिले, बाकीच्यांना आवाज तसाच पण स्पंद लटके. खऱ्या गटांतील शेंकडा ६७ रोग्यांचा हात लक्षांत येण्याजोगा सुधारला. लटक्या गटांतील शेंकडा ६५ रोग्यांचा सुधारला. या दोन आंकड्यांकडे क्षणभर पाहिलें तर फ्रँकलिनच्या दारांतली ती खुर्ची डोळ्यांपुढें येते. दोन-तृतीयांश रोगी सुधारले ही बातमी खरी आहे; पण स्पंद नसतेहि तरी ते जवळजवळ तितकेच सुधारले असते. क्षीण प्रवाहाचीहि तशीच परीक्षा १२९ रोग्यांवर अमेरिकेंत झाली. त्यांत चांगला हात बांधून ठेवण्याचा व्यायाम सर्वांनाच दिला होता. कांहींना प्रवाह दोन मिलिअँपिअर, कांहींना चार, कांहींना नुसता देखावा. २०२५ सालीं निष्कर्ष बाहेर आला तो असा, कीं प्रवाह निर्धोक आहे, पण व्यायामावर त्याची अधिक भर दिसून येत नाहीं.

मग युरोपीय मंडळ चुकलें काय? तसें एकदम म्हणणें योग्य होणार नाहीं. अमेरिकन चांचणींतील रोगी पक्षाघातानंतर तीन महिने ते एक वर्ष इतक्या अवधीनें आलेले होते. युरोपीय मतांचा भर त्याहून लौकरच्या काळावर आहे, आणि हाताची नैसर्गिक सुधारणा पहिल्या तीन महिन्यांतच सर्वाधिक होत असते. शिवाय ज्याच्या मेंदूपासून हातापर्यंतचे तंतु बहुतेक तुटले आहेत त्याच्या बाबतींत निरोगी बाजू ही शिरजोर नसून आधारच असूं शकेल. तिला मंदावणें म्हणजे काठी काढून घेणें. सर्व रोग्यांना एकच यंत्र एकाच रीतीनें लावण्याचे दिवस संपले आहेत, इतकें म्हणण्यास हरकत नाहीं. कोणाला, केव्हां व कोणत्या बाजूला, हे प्रश्न अद्याप सुटावयाचे आहेत.

महाराष्ट्रांत हा प्रश्न थोडक्या लोकांचा नाहीं. डॉ. प्र. म. दलाल व सहकारी यांनीं २००५-०६ मध्यें मुंबईंत केलेल्या पाहणींत वर्षाला दर लाख वस्तीमागें १४५ जणांना नव्यानें पक्षाघात झाल्याचें आढळलें. हें शहरी जीवनाचें पाप आहे असें कोणास वाटेल, तर गडचिरोलीकडे पाहावें. तेथें ‘सर्च’ संस्थेच्या डॉ. योगेश्वर काळकोंडे व सहकाऱ्यांनीं ८६ खेड्यांतील मृत्यूंचा दोन वर्षें मागोवा घेतला. दर सात मृत्यूंमागें एक पक्षाघातानें झालेला निघाला, आणि त्या खेड्यांत मृत्यूचें सर्वांत मोठें कारण तेंच ठरलें. २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षानें, खेड्यांत साथीचे रोग व शहरांत रक्तदाब ही जुनी वांटणी मोडीत काढली.

जे वांचतात त्यांचें काय? फिजिओथेरपिस्ट तालुक्याच्या गांवीं मिळत नाहीं तर घरच्यांनाच शिकवावें, अशी एक सुंदर कल्पना होती. लुधियानाच्या डॉ. जयराज पांडियन प्रभृतींनीं भारतांतील चौदा रुग्णालयांत १२५० रोग्यांवर ती तपासून पाहिली. घरच्या माणसाला व्यायाम शिकवून पाठविलें. सहा महिन्यांनीं पाहिलें, तर मृत्यु व परावलंबन यांत नेहमींच्या उपचारापेक्षां फरक पडलेला नव्हता. २०१७ चा हा निकाल कडू आहे. यंत्राच्या भक्तांनीं त्यावर खूष होण्याचें कारण नाहीं, कारण त्यांचाहि हिशेब तसाच निघाला आहे. इतकेंच दिसतें कीं कांहीं दिवसांची शिकवण पुरत नाहीं. ज्या चांचण्यांत हात खरोखर सुधारला त्यांत जाणकार शिक्षक होता, आणि कामाचे तास मोजून घेतलेले होते.

शिरूर अनंतपाळ हा १९९९ पासून स्वतंत्र तालुका आहे. त्यापूर्वीं हा भाग निलंगा तालुक्यांत मोडत असे. मोठ्या उपचारासाठीं येथील रोगी लातूरला जातो. तेथें १९६६ पासून विवेकानंद रुग्णालय आहे, २००२ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. पहिले साडेचार तास हा वेगळा विषय आहे. गुठळी विरघळविण्याचें औषध त्या मुदतींतच द्यावयाचें असतें, आणि त्यासाठीं देवऋषाकडे न थांबतां गाडी काढावी लागते. त्यानंतरचे तीन महिने मात्र हाताचे असतात, आणि पैशाचा प्रश्न खरा तेव्हांच उभा राहतो. मोठ्या शहरांतील एखाद्या केंद्रानें चुंबकाच्या दहा-वीस बैठका सुचविल्या, तर त्या वाईटच असें नाहीं. परंतु बैठकीनंतर लगेच हाताचा व्यायाम कोण घेणार, किती वेळ घेणार, आणि बैठका संपल्यावर गांवीं तो कसा चालू राहणार, हें आधीं विचारावें. यांपैकीं एकाहि प्रश्नास उत्तर नसेल, तर तेच पैसे जवळच्या फिजिओथेरपिस्टच्या रोजच्या फेऱ्यांवर खर्चिलेले बरे. ज्याला पूर्वीं फेंफरें आलेलें आहे, ज्याच्या डोक्यांत शस्त्रक्रियेनंतर धातूची पट्टी किंवा चाप राहिलेला आहे, किंवा ज्याच्या हृदयाला पेसमेकर बसविलेला आहे, त्यानें वेटोळ्याखालीं बसण्यापूर्वीं ती गोष्ट डॉक्टरांस अवश्य सांगावी. स्पंदांनीं क्वचित् झटका येऊं शकतो.